भासाचं हरवलेलं बाड, आणि 'पहिला प्रयोग' नक्की कधीचा?

ओसरी
रविवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. आमचा दहा-बारा जणांचा हौशी ग्रुप आहे. नोकऱ्या सांभाळून रविवारी तालमी, चहाचा खर्च वाटून. यंदा भास या जुन्या संस्कृत नाटककाराचं 'ऊरुभंग' मराठीत करायचं घाटतंय. भाषांतर मीच करतेय, तेव्हा चुका माझ्या नावावर.

पहिल्या वाचनाला एका पोराने विचारलं, "ताई, हा भास कधीचा? कालिदासाच्या आधीचा असेल तर शाळेत नाव कसं नाही ऐकलं?" मी गोष्ट सांगायला घेतली आणि त्या दिवशीची तालीम बुडाली. तीच गोष्ट इथे टाकते.

कालिदासाचं 'मालविकाग्निमित्र' सुरू होतं तेव्हा सूत्रधाराला पारिपार्श्वक, म्हणजे त्याचा मदतनीस, विचारतो, अहो, भास, सौमिल्लक, कविपुत्र अशा गाजलेल्या लोकांची नाटकं बाजूला ठेवून या आजच्या कालिदासाचं नाटक कशाला? म्हणजे कालिदास नवोदित होता तेव्हा भास हे दडपण आणणारं नाव होतं. बाणभट्टाने 'हर्षचरिता'त लिहिलंय की सूत्रधाराने सुरुवात केलेल्या, खूप पात्रांच्या नाटकांनी भासाला देवळं बांधल्यासारखी कीर्ती मिळाली. राजशेखर तर म्हणतो, परीक्षा पाहायला भासाची नाटकं आगीत टाकली, पण 'स्वप्नवासवदत्त' आगीला जाळता आलं नाही.

आगीने सोडलेलं नाटक पुढे पंडितांच्या हातून मात्र निसटलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संस्कृतच्या अभ्यासकांकडे भास म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं कौतुक आणि सुभाषितसंग्रहांतले सुटे श्लोक, बस्स. पूर्ण नाटक एकही नाही.

१९०९ मध्ये त्रावणकोर संस्थानाच्या हस्तलिखित प्रकाशन खात्याचे टी. गणपतिशास्त्री पद्मनाभपुरमजवळच्या मणलिक्कर मठात पोथ्या चाळत होते. (हा भाग आज तमिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यात येतो.) तिथे त्यांना ताडपत्रांचं एक बाड मिळालं. १०५ पानं, मल्याळम लिपी, भाषा संस्कृत. त्यात दहा पूर्ण नाटकं आणि अकराव्याचा, 'दूतवाक्या'चा, तुकडा. पुढे आणखी दोन मिळाली, 'प्रतिमा' आणि 'अभिषेक'. अपुऱ्या 'दूतवाक्या'चीही सोय झाली आणि आकडा तेरावर गेला. १९१२ पासून तिरुवनंतपुरमच्या संस्कृत ग्रंथमालेत ती छापून यायला लागली.

गंमत अशी की बाडात लेखकाचं नाव कुठेच नव्हतं! शास्त्रीबुवांनी ताडलं ते खुणांवरून. बाकी संस्कृत नाटकांत आधी नांदीचा श्लोक आणि मग सूत्रधार. इथे थेट 'नान्द्यन्ते ततः प्रविशति सूत्रधारः', सूत्रधार आल्यावर श्लोक. बाण म्हणतो ते 'सूत्रधारकृतारंभ' ते हेच, असं त्यांचं म्हणणं. 'प्रस्तावने'ऐवजी 'स्थापना' हा शब्द, तीही दोन-चार ओळींत आटपलेली. शेवटचं भरतवाक्यही (समारोपाचा प्रार्थनेचा श्लोक) बऱ्याच नाटकांत सारखं, 'राजसिंहः प्रशास्तु नः'. आणि त्यातल्या एका नाटकाचं नाव 'स्वप्नवासवदत्त'.

आता प्रश्न. एवढ्या शतकांनी सापडलेल्या नाटकाचा पहिला प्रयोग कुणी केला, कधी केला? आमच्या पत्रकात दोन ओळी टाकायच्या आहेत. माहीतगारांनी सांगावं.

---

मधली_सुट्टी
रविवार, रात्री १०:४०

मस्त. वाचतोय.

---

खडीसाखर
रविवार, रात्री ११:०५

बाडावर नाव नाही, आत नाव नाही, आणि तेराच्या तेरा नाटकं भासाची? आमच्या गल्लीत बेवारस सायकल सापडली की ती कुणाच्या तरी नावावर लागतेच, तसं झालं हे. (हलके घ्या.)

---

जुनी_बखर
सोमवार, सकाळी ७:२०

@खडीसाखर, हलकंच घेतो, पण तुमच्या या सायकलीवर पंडितांनी काही दशकं वाद घातलाय. आणि त्यात आपली माणसंही होती.

विष्णु सीताराम सुकथनकर आपल्याला माहीत असतात ते भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक म्हणून. ते काम त्यांनी १९२५ मध्ये हातात घेतलं. त्याआधीची त्यांची काही वर्षं भासावर गेली. केंब्रिजला गणित शिकलेला आणि बर्लिनला डॉक्टरेट केलेला माणूस, त्यामुळे गोष्टींवर जाणार नाही, ओळीला ओळ लावून बघणार. 'स्वप्नवासवदत्ता'चं त्यांचं इंग्रजी भाषांतर १९२३ साली ऑक्सफर्डने छापलं.

त्यांनी लावून बघितलेली एक जोडी फार रंजक आहे. त्या बाडात 'चारुदत्त' नावाचं चार अंकी नाटक आहे. कथा चारुदत्त-वसंतसेनेची, म्हणजे शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'ची. आणि 'मृच्छकटिका'चे पहिले चार अंक त्याच्याशी जागोजागी शब्दाला शब्द जुळतात. मग कुणी कुणाचं घेतलं? सुकथनकरांनी भाषा, प्राकृत, वृत्तं तपासून कल दिला की 'चारुदत्ता'त जुनं रूप टिकलंय. उलट बाजूचे म्हणत, छे, ही 'मृच्छकटिका'ची प्रयोगासाठी केलेली कापाकापी आहे. देवलांचं 'मृच्छकटिक' आपल्याकडे घरोघरी पोचलेलं, त्याची वंशावळ इथपर्यंत जाते.

संशयवाद्यांकडेही दारूगोळा होता. 'नाट्यदर्पण' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात भासाच्या 'स्वप्नवासवदत्ता'तला म्हणून एक श्लोक दिलाय. वत्सराज, म्हणजे नाटकाचा नायक, शेफालिकेजवळची (प्राजक्ताजवळची) शिळा बघून म्हणतो, फुलं तुडवलेली आहेत, शिळा अजून ऊबदार आहे, नक्कीच इथे कुणीतरी बसलं होतं. हा श्लोक सापडलेल्या नाटकात नाही! मग हे तेच नाटक का? की त्याचं छाटलेलं रूप? पुण्याच्या चिं. रा. देवधरांनी १९३७ साली तेराही नाटकं एकत्र छापली, तेव्हा मुखपृष्ठावरच 'भासाची म्हणून सांगितली जाणारी' अशा अर्थाचे शब्द घातले. मला ती सावधगिरी आवडते.

माझं मत विचाराल तर तेरा नाटकं एका हातची असतील यावर माझा विश्वास नाही. 'स्वप्नवासवदत्त' आणि 'ऊरुभंग' ज्याने लिहिलं त्याला मात्र नाटक कळत होतं, त्याचं नाव काहीही असो.

---

खडीसाखर
सोमवार, सकाळी ९:०२

दंडवत घ्या. सायकल परत केली.

---

त्रिशूरचा_बाळ्या
सोमवार, रात्री ८:३५

ओसरीताई, धागा छान, पण एका शब्दाला माझी हरकत. 'हरवलेलं'.

मी बँकेच्या नोकरीत सात वर्षं केरळात काढली. तिथल्या मोठ्या देवळांत कूत्तंबलम असतं, म्हणजे देवळाच्या आवारातलं नाटकघर. त्रिशूरच्या वडक्कुन्नाथन देवळातही आहे. तिथे चाक्यार लोक कूडियाट्टम करतात. संस्कृत नाटक, पण पूर्ण नाटक नाही, त्यातला एखादा अंक. तोही एका रात्रीत नाही. आधी पात्र एकटं येऊन मागची सगळी कथा हातांनी आणि डोळ्यांनी सांगतं, त्यातच रात्री जातात. पाठीमागे मिळावू, तांब्याच्या मोठ्या घड्यावर चामडं ताणलेलं वाद्य. ते नंबियार वाजवणार, स्त्रीपात्रं नंगियार बायका करणार. (आपण बालगंधर्वांचं कौतुक करतो तेव्हा हेही आठवावं, तिथे बायकांची कामं शतकानुशतकं बायकाच करत आल्यात.)

आता मुद्दा. हे लोक कोणते अंक करत होते? 'अभिषेक' आणि 'प्रतिमा' यांतले अंक. 'स्वप्नवासवदत्ता'तले अंक. आणि 'प्रतिज्ञायौगंधरायणा'चा तिसरा अंक. त्याला ते मंत्रांकम म्हणतात, आणि देवळात तो ४१ दिवस चालायचा. एक अंक, एक्केचाळीस दिवस! उज्जैनला राजा कैदेत, त्याला सोडवायला तिघे वेष पालटून आलेत. एक मंत्री वेड्याच्या वेषात, दुसरा भिक्षूच्या, आणि तिसरा विदूषक वसंतक. आपल्या मोदकांची चोरी झाली म्हणून वसंतक बोंब मारतो आणि त्या मोदकांच्या भांडणाआड कटाची बोलणी चालतात. विदूषक मध्येच मल्याळममध्ये येतो, गावातल्या बड्या धेंडांना कोपरखळ्या मारतो. मला मल्याळम जेमतेम, तरी हसू येत होतं.

हे अंक कसे करायचे याच्या त्यांच्याकडे पोथ्या होत्या, आट्टप्रकारम. कुठे थांबायचं, कुठल्या शब्दाला कुठली मुद्रा, सगळं लिहिलेलं. बापाकडून मुलाकडे, मामाकडून भाच्याकडे.

म्हणजे पुणे-काशी-बर्लिनच्या पंडितांना ही नाटकं हरवली होती. मिळावू वाजवणाऱ्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, हरवली कधी? परवाच तर केला तो अंक. तुमच्या 'पहिल्या प्रयोगा'चं म्हणूनच मला हसू आलं. राग मानू नका.

---

ओसरी
सोमवार, रात्री ९:१०

राग कसला. हे वाचून मी दहा मिनिटं नुसती बसून होते. पत्रकाच्या दोन ओळी गेल्या पाण्यात.

पण मग चाक्यारांना माहीत होतं का, की हे भासाचं आहे?

---

त्रिशूरचा_बाळ्या
सोमवार, रात्री ९:२८

तिथे अंकाला नाव असतं, मंत्रांकम, तोरणयुद्धम, शेफालिकांकम. लोक अंकाच्या नावाने बघायला जातात. आपण 'नारदाच्या कीर्तनाला' जातो तेव्हा आख्यान कुणी रचलं हे कुठे विचारतो? वाद झाला तेव्हा केरळातल्याच पिशारोटी पंडितांनी म्हटलं होतं की ही नाटकं चाक्यारांनी रंगभूमीसाठी जुळवलेली आहेत. भासाचं नाव देऊन उगीच मोठं करू नका, असा रोख. म्हणजे जिथे बाड सापडलं तिथलेच लोक 'आमचं आहे, भासाचं नाही' म्हणत होते. आहे की नाही गंमत?

---

जुनी_बखर
मंगळवार, सकाळी ७:०५

बाळ्यासाहेबांनी माझ्या प्रतिसादातली भगदाडं बुजवली. ताडपत्र दमट हवेत काही शतकांपलीकडे टिकत नाही. कीड लागते, कडा झडतात. गणपतिशास्त्रींना मिळालेलं बाडही तीनशे वर्षांच्या वरचं असावं इतकाच अंदाज होता. म्हणजे त्याआधी कुणीतरी नकलून काढलेलं, त्याच्याही आधी कुणीतरी. पोथी जगते ती लागते म्हणून. केरळात ती लागत होती, कारण उद्या देवळात उभं राहायचं होतं. आपल्याकडे लागेनाशी झाली, म्हणून गेली.

आणि प्रयोगासाठी पोथी वापरली की ती कापली जाणारच. तो 'ऊबदार शिळे'चा श्लोक कुठल्या तरी पिढीत वेळेअभावी गळला असेल, असं मला वाटतं. हा माझा तर्क, पुरावा नाही.

---

मधली_सुट्टी
मंगळवार, सकाळी ७:५०

मोदक उकडीचे होते का?

---

त्रिशूरचा_बाळ्या
मंगळवार, सकाळी ८:१५

😀 तपासून सांगतो.

---

नाट्यवेडी_नलू
मंगळवार, दुपारी २:४०

ओसरी, पत्रकासाठी. 'पहिला प्रयोग' हे शब्द सोडून दे. 'देवळाबाहेर' हा एक शब्द घाल, म्हणजे सगळं नीट बसतं.

कूडियाट्टमच देवळाबाहेर आलं ते १९४९ मध्ये, पैंकुळम रामन चाक्यारांनी आणलं. घरच्यांचा, समाजाचा विरोध पत्करून. १९६५ मध्ये केरळ कलामंडलम या कलासंस्थेत त्याचं शिक्षण सुरू झालं, तेही त्यांच्याच हाताखाली. २००१ मध्ये युनेस्कोने मान दिला तेव्हा सगळ्यांना अचानक आठवण आली, ते सोड.

दुसरीकडे शहरातल्या रंगकर्मींनी भास हातात घेतला. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शांता गांधींनी साठच्या दशकात 'मध्यमव्यायोग' हिंदीत केलं. कावालम नारायण पणिक्करांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीला तेच संस्कृतात केलं, कळरी या केरळी युद्धकलेचं अंग आणि केरळी ताल घेऊन. त्यांच्या 'कर्णभारा'त २००१ साली मोहनलाल कर्ण झाला होता, संस्कृत संवाद पाठ करून. आणि १९८१ मध्ये इंफाळला रतन थियामनी मणिपुरीत 'ऊरुभंग' केलं. तुला बघायचं ते हे.

बघ, तिघांनाही अडचण आली नाही, कारण ही नाटकं लिहिलीच अशी आहेत की वेळ दवडत नाहीत. 'कर्णभार' केवढंसं! कर्ण रथात बसलाय, ब्राह्मणाच्या वेषात इंद्र येतो, कवचकुंडलं घेऊन जातो, आणि कर्ण शल्याला म्हणतो, जिथे अर्जुन आहे तिथेच माझा रथ घे. संपलं. युद्ध दाखवतच नाही. आपल्याकडे एवढ्या मजकुरात दोन पदंसुद्धा झाली नसती.

एक सांगते, स्पर्धेत करणार असाल तर परीक्षक 'हे नाट्यशास्त्रात बसत नाही' म्हणतील. आम्हाला एका ठिकाणी म्हणाले होते. रंगमंचावर मरण दाखवू नये असा नियम. भासाने दशरथ मारला, वाली मारला, दुर्योधन मारला, सगळे प्रेक्षकांसमोर.

---

ओसरी
मंगळवार, रात्री १०:३०

नलू, शंभर वेळा धन्यवाद. 'देवळाबाहेर' घेतलं.

आता माझी खरी अडचण सांगते. दुर्योधनाचा छोटा मुलगा दुर्जय रणांगणावर बापाला शोधत येतो आणि नेहमीप्रमाणे मांडीवर बसायला जातो. भीमाने मांड्या फोडलेल्या. दुर्योधन त्याला थांबवतो. मुलगा विचारतो, का नको? तेव्हा मूळ श्लोक असा:

त्यक्त्वा परिचितं पुत्र यत्र तत्र त्वयास्यताम् ।
अद्यप्रभृति नास्तीदं पूर्वभुक्तं तवासनम् ॥

मी केलं होतं, 'बाळा, ओळखीची जागा सोड, कुठेही बस. आजवर तुझं होतं ते आसन आजपासून नाही.' बरोबर आहे, पण 'आसन' म्हटलं की डोळ्यांसमोर पाट येतो. आणि वाचताना आमचा दुर्योधन हे असं म्हणतो जणू सिंहासनाची वाटणी चाललीय.

---

जुनी_बखर
बुधवार, सकाळी ६:५५

त्यात ते आहेच की थोडं. राज्यही गेलं, मांडीही गेली. 'आसन' दोन्हीकडे लागतं, मुद्दाम योजलेला शब्द आहे.

---

शेवग्याची_शेंग
बुधवार, सकाळी ११:२०

पहिल्यांदाच लिहितेय, संस्कृत येत नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

मला वाटतं मराठीत हे संस्कृतपेक्षा जास्त लागेल. जुनी_बखर यांना विचारते, संस्कृतात मोडली ती 'ऊरू' आणि मूल बसतं तो 'अंक', असे दोन शब्द आहेत ना? मराठीत दोन्हीला मांडीच. भीमाने मोडली ती मांडी आणि पोरगं बसायला मागतंय ती मांडी. आणि द्रौपदीला भर सभेत दाखवली तीही मांडीच. वेगळं काही लिहायची गरजच नाही, एकच शब्द तिन्ही वेळा येऊ द्या. 'आसन' काढून टाका.

'बाबा, मांडीवर बसू?'
'नको रे. दुसरीकडे कुठेतरी बस. ही मांडी तुझी होती, आता नाही.'

---

नाट्यवेडी_नलू
बुधवार, सकाळी ११:४१

हिला कुणीतरी आधीच लिहायला लावायला हवं होतं.

---

जुनी_बखर
बुधवार, दुपारी १:१५

बरोबर आहे, ऊरू आणि अंक वेगळे. इतकी वर्षं हा श्लोक वाचतोय, हे कधी सुचलं नाही, कारण मी तो मराठीत वाचतच नव्हतो.

एकच दुरुस्ती. 'बाबा' नको. राजपुत्र आहे, 'तात' म्हणेल.

---

शेवग्याची_शेंग
बुधवार, दुपारी १:३०

'तात' म्हटलं की टीव्हीवरची पौराणिक मालिका सुरू होते, काका.

---

ओसरी
रविवार, रात्री ९:५०

आजच्या तालमीचा वृत्तांत. 'बाबा' आणि 'तात' दोन्ही म्हणून बघितलं. आमच्या प्रकाशयोजना करणाऱ्याचा आठ वर्षांचा मुलगा दुर्जय करतोय. त्याने 'तात' तीन वेळा 'ताट' म्हटलं, म्हणून निकाल 'बाबा'च्या बाजूने लागला. बखरकाका, माफी.

मांडीच्या ओळी शेंगेच्याच घेतल्या, पत्रकात आयडी टाकू का ते कळव. द्रौपदीचा उल्लेख मूळ नाटकात त्या जागी नाही, म्हणून तो घुसडणार नाही. शब्द ऐकून ज्याला आठवायचं त्याला आठवेल.

पुढचा प्रश्न वाद्याचा. मिळावू मिळणार नाही, आणि मिळाला तरी वाजवणार कोण? एकजण म्हणतोय संबळ घेऊ. मला संबळ म्हटलं की गोंधळ आठवतो, पण गोंधळही रात्र जागवून कथा सांगण्याचाच प्रकार आहे. बाळ्या, तू दोन्ही ऐकलंयस, काय म्हणतोस?

---

त्रिशूरचा_बाळ्या
रविवार, रात्री १०:२२

संबळ चालेल. फक्त दुर्योधन पडल्यावर वाजवायचं नाही हे आत्ताच ठरवा, नाहीतर वाजवणारा थांबत नसतो. आणि प्रयोगाची तारीख टाका, मी रजा टाकतो.

ता. क. मोदकांचं विचारलं. लाडूसारखे.